सबमिशन संपलं? आता हे वाचा!

मित्रांनो, शेलारच्या पॉवरलूमच्या खडखडाटातही पुस्तकात गुंगता येतं, फक्त सुरुवात नीट हवी. दहावीनंतर मराठी वाचन सुटलं असेल, तर एकदम जाडजूड कादंबरी घेऊ नका. नाहीतर उरलीसुरली आवडही जाईल.

पहिली पायरी: बाबूराव अर्नाळकर (१९०६-१९९६). हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिणारा माणूस! झुंजार, काळापहाड, कोणीही चालेल.

दुसरी: सुहास शिरवळकर (१९४८-२००३). मारधाड हवी तर दारा बुलंद, कोर्टातले डावपेच हवे तर अमर विश्वास.

तिसरी: लघुकथा. जयंत नारळीकरांची 'कृष्णविवर' १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली आली. त्यांनी ती टोपणनावाने पाठवली होती, म्हणजे बक्षीस नावाला नाही, कथेला मिळालं. मग रत्नाकर मतकरींच्या गूढकथा आणि शेवटी जी. ए. कुलकर्णींचा 'काजळमाया'. तो मात्र सावकाश वाचा.

थ्रिलर विचारतो, 'पुढे काय?' चांगली कथा संपल्यावर विचारते, 'असं का?' दोन्ही प्रश्न इंजिनिअरला लागतातच.

एक प्रयोग करा. अर्ध्यावर थांबून गुन्हेगार कोण, ते पुराव्यासकट वहीत लिहा. अंदाज चुकला, तर लेखकाने कुठे चकवलं ते मागे जाऊन शोधा. यालाच आपण लॅबमध्ये डीबगिंग म्हणतो!

मग, लायब्ररी कार्ड कुठे आहे?