फियाटचा पत्रा : लांबी भरण्याआधी

पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये शीट मेटलचा जॉब आपण सगळ्यांनीच केलाय. म्हणजे ग्रुपमधल्या एकाने केला आणि बाकीच्यांनी जर्नलमध्ये आकृती उतरवली! त्याच पत्र्याचं खरं काम बघायचं असेल तर एखादी जुनी फियाट उघडून बघावी. पाथरीला एका मित्राच्या आजोबांची, आबांची, कागदोपत्री 1974 ची फियाट सुट्टीत आम्ही उघडली. आबांपुढे प्रश्न सरळ होता : भंगारवाल्याला द्यायची की पत्र्यावर खर्च करायचा? रंगाचा खर्च एक, पत्र्याचा दुसरा, आणि दुसरा किती येईल ते रंगाखाली बघितल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

गाडीची थोडी ओळख. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. सांगलीचं वालचंद कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच हे. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 बनायची. 1089 सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगजवळ. पुढे नाव पद्मिनी झालं, पण आपल्याकडे ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये ती टॅक्सी म्हणून बंद झाली.

आता मुद्द्याचं. जीपला किंवा ट्रकला खाली वेगळी चासी असते, बॉडी तिच्यावर ठेवलेली. फियाटला तशी चासी नाही. फरशीचा पत्रा, दाराखालचे रनिंग बोर्ड, खांब आणि छत मिळूनच सगळा भार पेलतात. एसओएममध्ये शिकलेला पोकळ बॉक्स सेक्शन आठवा. रनिंग बोर्ड म्हणजे तोच. तो आतून कुजला की गाडी मधून वाकते. वरून रंग कितीही चकचकीत असो.

पाथरीच्या मिस्त्रीचाचांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “पोरांनो, बोनेट काय बघता? खाली झोपा.” त्यांच्याकडे दोनच उपकरणं होती, लोहचुंबक आणि जुना स्क्रू ड्रायव्हर. चुंबक जिथं चिकटत नाही तिथं पत्रा नाही, लांबी आहे. ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकलं की चांगला पत्रा टणटण वाजतो, लांबी भरलेला भाग दबका बोलतो. आबांच्या गाडीत डाव्या रनिंग बोर्डावर चुंबक घसरून खालीच पडला. पूर्वी कधीतरी कुणीतरी भोकात गोणपाट कोंबून वरून लांबी थापली होती. गोणपाट ओल धरतं, म्हणजे दुरुस्तीनंच गंज वाढवला.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची. मुंबई-कोकणातल्या खाऱ्या हवेपेक्षा मराठवाड्यात गाडी कमी गंजते. आपला शत्रू वेगळा, काळी माती. पावसाळ्यात ती मडगार्डच्या आत जाऊन बसते आणि वरून वाळली तरी आतून महिनोन्महिने ओल सोडत नाही. उन्हाळ्यात खिडकीची रबरं तडकतात, मग पुढच्या पावसात पाणी दारात उतरतं. दाराच्या तळाला पाणी जायला भोकं असतात, ती धुळीनं बुजलेली. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंगाला फोड येतो. फोड बाहेर दिसला याचा अर्थ आतलं काम बरंच पुढं गेलंय.

कापण्यापूर्वी बॅटरी सोडायची आणि पेट्रोलची टाकी उतरवायची. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची, कारण तिच्यात वाफ असते. मग सगळ्यात महत्त्वाचं : रनिंग बोर्ड कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा-तिरपा लोखंडी अँगल टाचून घ्यायचा. नाहीतर आधार सुटल्यावर चौकट सरकते आणि नंतर दार लागत नाही. आम्ही चौकटीचे दोन्ही कर्ण टेपनं मोजून भिंतीवर खडूनं लिहून ठेवले आणि रोज पडताळले. दोन्ही बाजू एकदम कापायच्या नाहीत.

गंजका भाग स्वच्छ पत्रा लागेपर्यंत कापायचा. जुन्यावर नवं ठिगळ ठेवून वेल्डिंग केलं की दोन पत्र्यांच्या फटीत पुन्हा पाणी बसतं. ठिगळ जुन्या पत्र्याच्याच जाडीचं, कडेला कड लावून बसवायचं. सलग टाका मारायचा नाही. इथं एक ठिपका, मग लांब तिथं एक, मधे थंड होऊ द्यायचं, कारण पातळ पत्रा उष्णतेनं फुगतो. फुगलाच तर चाचा तेवढी जागा लाल करून, खाली डॉली धरून हलकी हातोडी मारायचे आणि ओला फडका लावायचे. थर्मल एक्सपान्शनची व्हायव्हा देण्यापेक्षा हे पाहणं कधीही बरं.

लांबीला माझा विरोध नाही. हातोडीच्या खुणा बुजवायला ती लागतेच, पण दोन-तीन मिलिमीटरच्या आत. उघड्या लांबीवर पाणी घालून घासू नये, ती पाणी शोषते. आधी कोरडा पेपर, मग प्रायमर, मग वॉटर पेपर. रनिंग बोर्डाच्या पोकळीत आतून गंजरोधक मेण किंवा दाट तेल सोडायचं. बहुतेक लोक ही पायरी गाळतात, कारण ती दिसत नाही.

रंगाला ऋतू लागतो. मे महिन्याच्या दुपारी थिनर हवेतच उडतो आणि रंग खरखरीत बसतो. पावसाळ्यात जुना ड्यूको पांढरट पडतो. दिवाळीनंतरची सकाळ उत्तम, जमिनीवर पाणी मारून धूळ बसवलेली. आजकालच्या पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. तोंडाला नुसता रुमाल बांधून तो मारणं म्हणजे फुप्फुसाशी खेळ. त्यासाठी योग्य मास्कच हवा.

राहता राहिले कागद. केंद्राच्या जुलै 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते, पण बॉडी, चासी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणून आम्ही आकार कुठंच बदलला नाही आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवले. मात्र अशी गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच. हे ऐकल्यावर आबा म्हणाले, “मग नको. मला मानवतच्या बाजाराला जायचंय.” साध्याच नोंदणीचं नूतनीकरण करायचं ठरलं. डावा रनिंग बोर्ड झालाय, कर्ण जुळताहेत, दार एका बोटानं लागतं. उजवी बाजू पुढच्या सुट्टीत उघडणार आहोत.