सव्वापस्तीस ओहम

इचलकरंजी

चि. ओंकार,

काल रात्री अक्काचा फोन आला. तुझ्या खोलीतला एक्स्टेंशन बोर्ड जळाला, हे तिला तुझ्याकडून नाही, तुझ्या रूममेटच्या आईकडून कळलं. तुला विचारलं तर म्हणालास, "काही झालं नाही, माझं गणित बरोबर होतं." अक्काला गणित कळत नाही. पोराच्या खोलीत धूर झाला, एवढं कळतं. नानांना स्टार्टरचा शॉक बसला होता, ते मी परत लिहीत नाही. आपल्या घरात शॉक हा शब्द निघाला की तिचं काय होतं, ते तू लहानपणापासून बघतोयस. तेव्हा बाकीचं राहू दे, आधी एका गोष्टीचं खरं उत्तर दे. रॉड चालू असताना पाणी तापलं का बघायला बादलीत बोट घालतोस का?

आता तुझं गणित. 1500 वॉटचा रॉड, 230 व्होल्ट. भागाकार केला की साडेसहा अँपिअर. व्होल्टला अँपिअरनं भागलं की सव्वापस्तीस ओहम. इथवर चूक नाही. बोर्ड 6 अँपिअरचा होता, तर "अर्ध्या अँपिअरनं काय होतंय" असं तू म्हणालास म्हणे. एक तर ते 230 तू पुस्तकातून घेतलेस. आपल्याकडे सप्लाय 207 पासून 253 पर्यंत असू शकतो. 253 आले तर तोच रॉड सात अँपिअरच्या वर ओढतो आणि 1800 वॉट खातो. ओहमसाहेबांचं पुस्तक 1827 साली निघालं. प्रयोग करताना त्यांना बॅटरीचा जोर कमीजास्त होताना दिसला, तेव्हा त्यांनी ती बाजूला ठेवली आणि थर्मोकपल घेतला. तू मीटर हाताशी असून सॉकेटला लावला नाहीस.

पण खरी गोष्ट वेगळी आहे. अक्काला मी बोर्डाचा फोटो मागवायला सांगितला. वायर जशीच्या तशी आहे. वितळलंय ते फक्त एका भोकाभोवतीचं प्लास्टिक, आणि आतली पितळी पत्ती काळीनिळी पडलीय. पत्ती ढिली होती, ओंकार. तू रेझिस्टन्स फक्त रॉडचा धरलास. करंट मात्र पिनेतून, पत्तीतून, टेप गुंडाळलेल्या जोडातून, सगळीकडून तेवढाच जातो. ढिल्या, काळवंडलेल्या पत्तीत अर्धा ओहम येऊ शकतो. साडेसहाचा वर्ग कर, अर्ध्यानं गुण. 20 वॉटच्या वर जातं. दुकानातलं आपलं छोटं सोल्डरिंग आयर्न 25 वॉटचं आहे, त्यानं सोल्डर पातळ होतं. बादलीतलं 15 लिटर पाणी 20 अंशांनी तापवायला तुझ्या रॉडला चौदा-पंधरा मिनिटं लागतात. तेवढा वेळ रोज सकाळी ते वीसेक वॉट नखाएवढ्या पत्तीत साठत होते. रॉडला त्याचा पत्ताही नाही. जोडात तीनेक व्होल्ट गेले तरी पाणी तापायचं तसं तापलं.

असा जोड शोधायचा कसा, ते सरांसमोर करून बघ. सॉकेटवर आधी रिकाम्यात व्होल्टेज घे, मग लोड लावून घे. जो फरक पडतो, त्याला करंटनं भाग. वायर आणि जोडांचा सगळा ओहम हातात येतो. हे करताना मीटरचा खटका ओहमवर राहिला नाही ना, ते दोनदा बघ.

फोटोत आणखी एक दिसलं. बोर्डाला दोनच वायरी आहेत, अर्थिंग नाही. रॉडची नळी कुठे चिरली तर ते पाणी जिवंत होतं, आणि प्लास्टिकच्या बादलीतून ते जमिनीत जायला वाट नसते. वाट मग तुझ्या हातातून. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स हजार ओहमवर येतो. 230 भागिले हजार. पाव अँपिअरसुद्धा नाही. 16 चा एमसीबी एवढ्यानं हलणारही नाही, आणि आरसीसीबी 30 मिलिअँपिअरला पडतो तो उगाच नाही. म्हणून परत विचारतो, बोट घालतोस का? ओल्या फरशीवर, अनवाणी?

रागावून लिहिलं गेलं. तुझ्या वयात मला हे सांगायला कोणी नव्हतं, आणि मीही विचारायला गेलो नाही. पॉलिटेक्निकचा फॉर्म आणला होता, तो घडी घालून ट्रंकेत ठेवला आणि रिवाइंडिंगला बसलो. किती गेजची तार, किती वेढे, सगळं हाताला पाठ झालं. पण मोटरवर क्लॅम्प मीटरनं आलेला करंट 230 नं गुणला तरी ते खरे वॉट का नसतात, हे मनात वर्षानुवर्षं राहिलं. पॉवर फॅक्टर मला फार उशिरा समजला. अजूनही दुपारी दुकान शांत असलं की तो फॉर्म भरायला हवा होता असं वाटतं. तू पॉवर फॅक्टर पहिल्याच वर्षाला शिकतोयस. तुझ्या वहीतली सुबक आकडेमोड मी दिवाळीत पाहिली होती, तुला बोललो नाही. आज लिहितो, मला अभिमान वाटला.

घरमालकांशी मी बोलतो. 16 अँपिअरचं सॉकेट, नीट अर्थिंग आणि आरसीसीबी, खर्च माझा. तोवर रॉड कपाटात ठेव. आधी स्विच बंद करून प्लग काढायचा, मगच पाण्याला हात, हे पुढेही सोडू नकोस.

पण म्हणून गार पाण्यानं आंघोळ करत बसू नकोस, तुला लगेच खोकला होतो. मेसच्या मावशींना सांग, गॅसवर एक पातेलं ठेवून देतील. त्यांचे काय होतील ते पैसे मी पाठवतो. आणि बोर्ड जळाल्यावर तू घाबरला होतास का, ते कोणीच विचारलं नाही तुला. मला फोन कर. रात्री कितीही वाजता केलास तरी चालेल, मी उचलीन.

तुझा,
मामा