सर, लॉबी काय धरणार?

पंच परीक्षेला बसणारी पोरं शंका विचारायला येतात, तेव्हा त्यांचं पुस्तक तोंडपाठ असतं. पुरुषांचं मैदान १३ बाय १०, चढाई ३० सेकंदांची, लोणाचे २ गुण, सगळं धडाधड सांगतात. मग मी विचारतो, नाणेफेकीच्या वेळी कर्णधारांशी काय बोललास? तिथे गाडी अडते. आपल्याकडच्या स्पर्धांतली मोठी भांडणं नियम माहीत नसल्यामुळे कमीच होतात. दोन संघांना दोन वेगळे नियम अगदी पक्के माहीत असतात, त्यातून ती पेटतात.

असा एक उपांत्य सामना मी गुणलेखकाच्या टेबलावरून पाहिलाय. शेवटची दोन-तीन मिनिटं, एका गुणाचा फरक. चढाईपटू कुणालाही न शिवता लॉबीत गेला आणि त्याला धरायला तिघं मागोमाग घुसले. सरपंचांनी एकट्या चढाईपटूला बाद दिलं. त्याचा कर्णधार धावत आला, "सर, स्पर्शाशिवाय लॉबीत जाईल तो बाद ना? मग हे तिघं आत कसे?" समोरचा म्हणाला, "प्रो कबड्डी बघत नाही का? फक्त चढाईवाला बाद असतो." दोघंही आपापल्या जागी खरे. निर्णय फिरला, आरडाओरडा झाला, पुन्हा फिरला. माझ्या गुणपत्रिकेवर एकदा काटलेले आकडे खोडून परत लिहिले, ते परत काटले. शेवटी धावती गुणसंख्या मलाच वाचता येईना. लोक मैदानात उतरले आणि सामना दुसऱ्या दिवशी ढकलावा लागला. दुसऱ्या दिवशी एक संघ आलाच नाही.

गावच्या पंचांना नावं ठेवण्याआधी हांगझोऊ आठवा. ७ ऑक्टोबर २०२३, आशियाई खेळांतली पुरुषांची अंतिम लढत, भारत विरुद्ध इराण, गुण २८-२८. पवन सेहरावत स्पर्श न करता लॉबीत गेला, इराणचे बचावपटू त्याच्या मागे. जुन्या नियमाने मागे गेलेलेही बाद, नव्याने एकटा पवन. निर्णय कधी इकडे झुकला, कधी तिकडे. खेळाडू मॅटवर ठाण मांडून बसले, तासभर खेळ ठप्प. भारत ३३-२९ ने जिंकला, म्हणून आपण ते हसण्यावारी नेलं. पंचाने नेऊ नये.

तेव्हा पहिलं काम आदल्या दिवशीचं. संयोजकांना फोन करा, नियमावली कुठली ते विचारा, आणि "नेहमीचीच" या उत्तरावर फोन ठेवू नका. लॉबीचं काय, तिसरी चढाई लागू आहे का, तीन किंवा कमी बचावपटूंनी पकड केली तर जादा गुण आहे का, बरोबरी झाली तर पाच-पाच चढाया आहेत का, एवढं स्पष्ट करून घ्या. नाणेफेकीला दोन्ही कर्णधारांना एकत्र उभं करून तेच सांगा. वेगवेगळं सांगू नका. एकाला जरा सविस्तर सांगितलं तरी दुसऱ्याला संशय येतो. गुणपत्रिकेच्या वरच्या कोऱ्या जागेत ते लिहून दोघांच्या सह्या घ्या. सुरुवातीला हसतात लोक, "सर, फायनल आहे की जमिनीचा व्यवहार?" हसू द्या.

आता बोनस. नवा पंच इथे हमखास फसतो, कारण डोळा आपोआप पुढच्या पायाकडे जातो. पुढचा पाय रेषेपलीकडे टेकला हे सगळ्या मैदानाला दिसतं. त्या क्षणी मागचा पाय हवेत होता का, हे फक्त पंचाने बघायचं असतं. म्हणून नजर मागच्या पायावर ठेवा, पुढचा पाय नजरेच्या कडेला दिसतोच. चढाई सुरू होताना समोर सहा किंवा सात जण आहेत का, हे आधीच मोजलेलं असावं. झटापट सुरू झाल्यावर ओलांडलेल्या रेषेचा बोनस नाही. आधी बोनस घेतला आणि मग पकडला गेला, तर एक गुण त्यालाही आहे आणि एक पकडणाऱ्यांनाही. आणि बोनसवर बाहेरचा गडी आत येत नाही. गोंगाटात एखादा बिनधास्त उठून आत जातो, म्हणून बसलेल्यांवर सहायक गुणलेखकाचं लक्ष हवं.

मातीवर तर रेषाच टिकत नाही. पहिल्या डावातल्या पायपिटीने बोनस रेषेची फक्की पुसली जाते आणि दुसऱ्या डावात पंच अंदाजाने बोट वर करतो. मध्यंतराला फक्की पुन्हा मारून घ्या, पाहुण्यांचे सत्कार चालू असले तरी.

दमाचीही तीच गत. समालोचक माईकवर कविता करतोय, मागे डीजे, अशात "कबड्डी" ऐकू येणार कसं? चढाई सुरू असताना माईक बंद, ही अट आधीच घाला. दम तुटला हे ओठांवरून ओळखतो म्हणणारे पंच मी पाहिलेत. माझा त्यावर विश्वास नाही.

भरपाईचा निर्णय मात्र कधीही देऊ नका. मघाशी याच्यावर अन्याय झाला म्हणून आता त्याला एक गुण, हे खेळाडूंना तीन चढायांत कळतं आणि मग प्रत्येक जण आपली थकबाकी मागायला येतो.

राहता राहिला मोबाईल. कुणीतरी कुंपणावरून वाकून "सर, शूटिंग आहे, बघा" म्हणणारच. स्पर्धेत चित्रफीत बघण्याची सोय ठरलेली नसेल तर स्क्रीनकडे मानही वळवू नका. त्यात तुमचा निर्णय बरोबर निघाला तरी पुढच्या चढाईला कुंपणावर दहा मोबाईल असतील, आणि त्यातला यजमानांचा कोणता, पाहुण्यांचा कोणता, हे ठरवत बसावं लागेल.