विस्तार विभागाचं पत्र हाती आलंय ना?

अगं, विस्तार कार्याची समन्वयक म्हणून नेमल्याचं पत्र आलं म्हणून एवढी खट्टू काय होतेस? "शिकवायचं सोडून आता शिबिरं भरवू का, ताई?" असं तू काल सिल्व्हर पार्कला रिक्षा शोधताना म्हणालीस. तिथल्या गोंगाटात धड बोलता आलं नाही, म्हणून हे निवांत लिहितेय.

या कामाला कॉलेजांत दुय्यम मानतात, हे खरंच आहे. याच कामातली राष्ट्रीय सेवा योजना घे, १९६९पासून चालू आहे. वर्षाला १२० तास, सात दिवसांचं शिबिर, बॅनर, फोटो, अहवाल आणि शेवटी नॅकच्या मूल्यांकनाची फाइल. तेवढ्यावरच थांबलीस, तर तुला कंटाळा येणारच. पण कॉलेजमुळे आजूबाजूच्या घरांत चार पैसे जास्त यावेत, हे याच खुर्चीवरून घडवता येतं.

पाबळचे डॉ. कलबाग आठव. हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून त्यांनी १९८३मध्ये शिरूर तालुक्यातल्या त्या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम काढला. शाळा सुटलेली मुलं तिथे वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती शिकली, तीही गावाची खरी कामं करत. विहीर कुठे खोदावी हे उपकरण लावून सांगण्याचं कामही आश्रमाने केलं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या साथीने २००२मध्ये तिथे फॅबलॅब, म्हणजे वस्तू स्वतः घडवून पाहायची कार्यशाळा, उभी राहिली. गावाला जे हवं होतं, त्यातूनच तिथला अभ्यासक्रम घडला. आपण नेमकं उलटं करतो. आधी माहितीपत्रक छापतो, मग माणसं गोळा करतो.

तू तसं करू नकोस. आधी आपल्या आजूबाजूला बघ. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत, उत्तन-पाली-चौकला बोंबील वाळतात. माझं ऐकशील तर उत्तनपासून सुरुवात कर. वही न उघडता बोंबील वाळवणाऱ्या बायकांजवळ बस. माल कधी खराब होतो, कोण उचलतो, काय भावाने, पैसे कधी हातात पडतात, एवढंच विचार. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यांच्यासाठीचे प्रशिक्षणाचे वर्ग तेव्हाच ठेव. आपल्या परीक्षांच्या सोयीने ठेवलेल्या वर्गाला ऐन हंगामात कोणी येणार नाही.

आणि तिथेच बसून, त्यांच्याच मोबाइलवर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, करून दाखव. आधार आणि पॅन लागतं, पैसा एकही लागत नाही. तरी त्यासाठी एजंटला पैसे मोजलेल्या बायका मला भेटल्यात, फार वाईट वाटतं गं. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२०मध्ये केंद्राची योजना आली, तीत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान ठरलं होतं. मुदत आणि निधीचं कृषी खात्यात आधी विचारून घे. असे अर्ज प्रकल्प अहवालापाशी अडतात. तो अहवाल तुझी टीवायबीकॉमची मुलं लिहू शकतात! ताळेबंद पुस्तकात शिकलेल्या मुलीने खऱ्या मावशीच्या धंद्याचा खर्च मांडला, की ती मुलगीही वेगळी होते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता तुझ्यापुरतं सांगते. जबाबदारीचा आदेश लेखी घे, त्यात तासिका किती कमी होणार हे लिहून घे आणि खर्चासाठी वेगळी तरतूद माग. तोंडी "बघू" वर काम सुरू करू नकोस. कार्यक्रमाला किती जणी आल्या यापेक्षा सहा महिन्यांनी किती जणींची विक्री वाढली, ती नोंद ठेव. पदोन्नतीच्या अर्जात तीच ठामपणे मांडता येते. कुठल्याही पक्षाच्या बॅनरवर कॉलेजचं नाव जाऊ देऊ नकोस, एकदा शिक्का बसला की दुसऱ्या आळीत पाऊल ठेवणं कठीण. आणि रविवार जातील हे घरी आत्ताच सांगून टाक, सासूबाईंनाही.

पत्रावर सही करून सोमवारी देऊन टाक. पहिल्यांदा उत्तनला जाशील तेव्हा मला फोन कर, मी येते बरोबर. भाईंदर पश्चिमेहून बस मिळते.