मागच्या ॲक्सलचा ब्रीदर



मागची दोन्ही चाके एकाच सलग हाऊसिंगवर बसवलेल्या गाडीत त्या हाऊसिंगला एक बारीक भोक ठेवलेले असते. त्यावर टोपीसारखा छोटा ब्रीदर बसतो आणि त्यातून आतली हवा बाहेर, बाहेरची आत अशी ये-जा चालते. 2014 मॉडेलपर्यंतच्या मस्टँगला साधारण असाच सलग ॲक्सल होता. 2015 पासून मागची चाके सुटी झाली. भाचा अमेय याची गाडी जुन्यांपैकी आहे. ट्रॅकवर ब्रीदरमधून ऑइल येऊ लागले म्हणून त्याने तिथे बोल्ट आवळून भोक बंद केले, अशी बातमी त्याच्या आईच्या, म्हणजे ताईच्या, फोनवरून कोल्हापुरात मामाकडे पोचली. गळती थांबली म्हणून ताई खूश आहे. मामाची झोप मात्र त्या बोल्टने उडवली आहे.

हाऊसिंगच्या मधल्या फुगीर भागात क्राउन आणि पिनियन असतात. त्यांचे दात एकमेकांवर फिरताना नुसते लोळत नाहीत, घासतातही, म्हणून तिथे गंधकयुक्त रसायने घातलेले जाड गिअर ऑइल लागते. या ॲक्सलमध्ये ते सुमारे दोन लिटर मावते; बाकीची जागा हवेची. रस्त्यावर ऑइल बेताचेच तापते. ट्रॅकवर मात्र वीस मिनिटे सतत जोर पडतो आणि क्राउन-पिनियनला उसंत मिळत नाही. ऑइल 30 अंशांवरून 120 अंशांवर गेले असे धरले, तर बंद जागेतल्या हवेचा दाब नुसत्या उष्णतेने सुमारे तीस टक्के वाढतो, म्हणजे दर चौरस इंचाला चार पाउंडांच्या वर. ऑइलही फुगते; दोन लिटरचे साधारण सव्वाशे मिली जास्त होते आणि हवेची जागा तेवढी खाते. त्यामुळे दाब आणखी चढतो. इथल्या उद्यमनगरात पंपावर टायरमध्ये तीस पाउंड भरणाऱ्याला चार-पाच पाउंड किरकोळ वाटतील. ऑइल सीलच्या रबरी ओठाला ते किरकोळ नसतात. तो ओठ ऑइल अडवायला बनवलेला आहे, दाब थोपवायला नाही.

भोक बुजवल्यावर हा दाब जातो कुठे, हाच सारा प्रश्न आहे. वाटा तीनच: पुढे पिनियनचे सील, आणि दोन्ही टोकांना चाकांजवळची सीले. या ॲक्सलमध्ये चाकाचे बेअरिंगही हाऊसिंगमधल्याच ऑइलवर चालते, त्यामुळे टोकापर्यंत ऑइल पोचणारच. ऑइल आणि ब्रेकची डिस्क यांच्यामध्ये फक्त ते एक सील उभे असते. ते हरले की गिअर ऑइल डिस्कवर, पॅडवर आणि टायरच्या आतल्या बाजूवर उडते. दोन्ही बाजू एकदम सुटतील असेही नाही. एका बाजूचा ब्रेक पकडतो, दुसऱ्या बाजूचा घसरतो, आणि हे कळते नेमके सरळ पट्टीच्या शेवटी, जिथे सगळ्यात जोरात ब्रेक मारायचा असतो. घरातल्या अण्णांच्या फियाटचा ब्रेक आंबोलीच्या घाटात असाच दगा देऊन गेला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे ड्रम होते, वेगही चाळीसच्या आतला होता, आणि शेजारी कठडा होता. म्हणूनच त्या बोल्टचा धसका.

इंजिनिअर झालेल्या मुलाला हे सांगावे लागते याचे वाईट वाटते. तरी एवढेही खरे, की जिथून ऑइल येते तिथे बूच मारावेसे कोणालाही वाटेल. ऑइल तिथून का येते, हे सहसा कोणी समजावून सांगत नाही. त्याचे मूळ वळणात आहे. चांगल्या टायरवर गाडी वळणात तिच्या वजनाइतका आडवा जोर सोसू शकते, आणि तेवढ्या जोरात हाऊसिंगमधल्या ऑइलची पातळी पंचेचाळीस अंशांनी कलते. लांब वळणात ऑइल बाजूच्या नळीत शिरून बाहेरच्या चाकाकडे साचते. क्राउन उडवतो ते वेगळेच. या जातीच्या अनेक ॲक्सलवर ब्रीदर मधल्या घरावर नसून बाजूच्या नळीवर असतो. रस्त्यावर ती जागा कोरडी राहते. ट्रॅकवर एका दिशेच्या प्रत्येक वळणात ती बुडते, आणि आतला दाब हवेऐवजी ऑइल बाहेर फेकतो. ब्रीदर बिघडलेला नव्हता. तो आपले काम ऑइलमध्ये बुडून करत होता.

ॲक्सल निवताना दाब उलटा होतो, याकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. गरम आमटीच्या डब्याला घट्ट झाकण लावले तर निवल्यावर ते निघता निघत नाही. बूच मारलेले हाऊसिंगही तसेच आत ओढू लागते. मग सीलच्या ओठावाटे धूळ नाहीतर धुतलेल्या गाडीचे पाणी आत जाते आणि ऑइल दुधाळ होते.

शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर फियाटच्या शर्यती होत, त्या काळी उद्यमनगरातल्या गॅरेजमध्ये दुसरा विषय नसे. मामाला एकदा तरी तिथे जायचे होते. घरातून कोणी जा म्हटले नाही, आणि पुढे 1990 मध्ये शर्यती नव्या ट्रॅकवर गेल्या तेव्हा अंगावर जबाबदाऱ्या होत्या. ते राहून गेले. त्यामुळे अमेयला ट्रॅकवर जाऊ नको असे या पत्रात कुठेही लिहिलेले नाही, लिहिले जाणारही नाही. जावे, पण तो बोल्ट काढून.

तो काढायचा गाडी पूर्ण थंड असताना. गरम हाऊसिंगचा बोल्ट सैल केला की तापलेले ऑइल तोंडावर येऊ शकते. ब्रीदरची चांगली जागा म्हणजे मधल्या घराच्या मागच्या कव्हरचा वरचा भाग, आणि भोकासमोर आतून एक छोटी आडपट्टी, म्हणजे क्राउनने उडवलेले ऑइल सरळ भोकात शिरत नाही. भोक पाडून आटे पाडायचे ते कव्हर उतरवून, टेबलावर. गाडीवरच ड्रिल लावले तर किस आत पडतो आणि बेअरिंग खातो. जुन्या जागेला बूच मारायला मग हरकत नाही, कारण श्वासाला दुसरी वाट झालेली असते.

नव्या ब्रीदरला ऑइल सोसणाऱ्या रबराची, आतून आठ ते दहा मिलिमीटरची नळी जोडावी. साधी प्लॅस्टिकची नळी उष्णतेने कडक होऊन तडकते. नळी आधी सरळ वर चढली पाहिजे, म्हणजे तिच्यात आलेले ऑइल आपोआप परत उतरते. मध्ये कुठे झोळ पडला तर तिथे ऑइल साचते आणि नळी असूनही भोक बुजल्यासारखेच होते. बोल्ट काढून बोल्टच बसवल्यासारखे. ॲक्सल वर-खाली होतो, तेव्हा चाके पूर्ण लोंबकळलेली असतानाही नळी ताणली जाणार नाही इतकी सैल हवी, सायलेन्सरपासून दूर हवी. वरचे टोक बॉडीला पक्क्या बसवलेल्या अर्ध्या लिटरच्या डब्यात सोडावे आणि डब्याच्या माथ्यावर छोटा फिल्टर असावा. डब्यामुळे ऑइल ट्रॅकवर सांडत नाही. मागून येणाऱ्या गाडीत कोणाचे तरी मूल बसलेले असते.

ऑइलची पातळी कंपनीने सांगितली तेवढीच ठेवावी. जास्त भरल्याने थंडावा मिळत नाही, ते बाहेर येते एवढेच. क्लचवाल्या डिफरन्शियलमध्ये ऑइलसोबत फ्रिक्शन मॉडिफायर घालायला विसरू नये.

प्रत्येक फेरीनंतर, हात भाजणार नाही इतपत चाके निवली की, रिमच्या आतल्या बाजूला टॉर्च मारावा. ब्रेकची धूळ कोरडी, करडी आणि बोटाने सहज पुसली जाणारी असते. गिअर ऑइल लागले असेल तर ती काळपट, चिकट होते, मध्यापासून कडेकडे रेघा ओढल्यासारखी दिसते, आणि बोटाला गंधकाचा उग्र वास येतो. असे दिसले तर त्या दिवशी पुन्हा ट्रॅकवर उतरू नये. बोल्ट लावून जितका वेळ गाडी पळाली, त्यात सीले दुखावली असणार असे धरूनच चालावे. सील बदलताना शाफ्टवर नखाला लागेल इतकी खाच आहे का ते पाहावे. असेल तर नवे सीलही टिकणार नाही. डिस्क ब्रेक क्लीनरने धुऊन निघते. ऑइल प्यायलेले पॅड मात्र धुऊन, भाजून, घासून कशानेही पूर्वीसारखे होत नाहीत. ते दोन्ही बाजूंचे टाकून नवे घालावेत. पैसे कमी पडत असतील तर ताईला न सांगता मामाला कळवावे, लगेच पाठवले जातील. काही अडले तर फोन करावा. अमेयकडे दुपार असली की इथे रात्र झालेली असते, त्याचा विचार करू नये.