तीन नोंदवह्या

मुलांनो, 'वर्दी' हा शब्द तुम्हांला चांगला माहीत आहे. उर्दूत वर्दी म्हणजे पोलिसाचा गणवेश. मराठीतही 'खाकी वर्दी' म्हणतात. पण मराठीत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. वर्दी म्हणजे घडलेल्या गोष्टीची खबर. "बंबाला वर्दी द्या," असे कोणी ओरडले, तर कपडे शोधत बसू नका! आग लागल्याचे अग्निशमन दलाला कळवायचे आहे.

वर्दी आली, की ती लिहून ठेवतात. पोलीस ठाण्यात, कोंडवाड्यात आणि अग्निशमन केंद्रात अशा नोंदी होतात. पूर्वी त्या फक्त जाड वह्यांत होत, आता संगणकावरही होतात. या नोंदींत काय लिहितात आणि ते कोणाच्या उपयोगी पडते, ते पाहू.

देवणी हे लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. कर्नाटकाची सीमा येथून जवळच आहे. या गावाचे नाव दूरवर पोहोचले ते जनावरांमुळे. 'देवणी' ही गुरांची प्रसिद्ध जात. देवणी गाय दूध देते आणि देवणी बैल शेतीच्या कामाला खंबीर असतो. म्हणून आपण कोंडवाड्याच्या वहीपासूनच सुरुवात करू.

मोकाट गुरे कोणाच्या पिकात शिरली, तर त्यांना पकडून कोंडवाड्यात नेतात. उर्दूत त्याला 'कांजी हाउस' म्हणतात. प्रेमचंदांची हीरा आणि मोती या दोन बैलांची गोष्ट तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. ते दोघे असेच कांजी हाउसमध्ये अडकले होते.

कोंडवाड्याबद्दलचा कायदा १८७१ सालचा आहे. जनावर आले, की त्याचे वर्णन, आणल्याचा दिवस व तास, पकडणाऱ्याचे नाव व पत्ता, आणि माहीत असल्यास मालकाचे नाव व पत्ता वहीत लिहावा, असे त्यात सांगितले आहे. सात दिवसांत मालक आला नाही, तर पोलीस ठाण्याला कळवायचे. मग ठाण्यात सूचना लावायची आणि जनावर जिथे पकडले, त्याच्या जवळच्या गावात व बाजारात दवंडी पिटायची. सूचना लावल्यापासून आणखी सात दिवस वाट पाहायची. तरीही कोणी आले नाही, तर जनावराचा लिलाव!

आता विचार करा. वहीत नुसते 'एक पांढरा बैल' असे लिहिले, तर देवणीसारख्या गावात त्यावरून काय कळणार? इथे पांढरे बैल किती तरी असतील. जाणकार माणूस मात्र नीट पाहतो. अंग पांढरे आणि तोंड काळे, तो वानेरा. सगळे अंग पांढरे, तो बालंक्या. पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे डाग, तो शेवरा. हा एक शब्द वहीत आणि दवंडीत आला, तर मालकाला आपला बैल ओळखता येतो. आता जनावरांच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो. तो अंक लिहिला, तर शंकाच उरत नाही. पण बिल्ला तुटून पडला असेल, तर पुन्हा वर्णनच कामाला येते.

अग्निशमन दलाच्या नोंदीत वेळेला फार महत्त्व असते. वर्दी किती वाजता आली? बंब किती वाजता निघाला? केव्हा पोहोचला? आग केव्हा आटोक्यात आली? बंब केव्हा परतला? मराठवाड्यात उन्हाळ्यात कडब्याच्या गंज्या वाळून कोळ झालेल्या असतात. एक ठिणगी पुरे. योगायोग असा, की अग्निशमन सेवा सप्ताहही १४ ते २० एप्रिल असा, ऐन उन्हाळ्यातच येतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावर भयंकर स्फोट झाले. त्यांत ६६ अग्निशामक मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह पाळतात.

समजा, एका महिन्यात बंबाला चारच वर्द्या आल्या. कोणी म्हणेल, "चारच? मग ही माणसे महिनाभर करतात काय?" पण वेळेचा रकाना वाचा. एका गंजीची आग विझवायला रात्र गेली असेल. एकदा बंब लांबच्या वाडीवर गेला असेल, आणि त्याच वेळी दुसरीकडून हाक आली असेल. तेव्हा पाठवायला दुसरा बंब होता का? हे आकड्यावरून कळत नाही, वेळेवरून कळते. आणखी एक बंब हवा, अशी मागणी करायची, तर हाच रकाना पुढे करावा लागतो.

पोलिसांचेही तसेच आहे. ठाण्यात 'स्टेशन डायरी' असते. उर्दूत तुम्ही तिला रोजनामचा म्हणाल. कोण केव्हा गस्तीला गेला, केव्हा परतला, कोणती खबर आली, हे तिच्यात वेळेसह लिहितात. ईद असो, मोहरम असो, गणेशोत्सव असो, किंवा गुरांचा बाजार असो, पोलीस दिवसभर बंदोबस्ताला उभे राहतात. त्या दिवशी एकही गुन्हा नोंदला गेला नाही, तर काम झाले नाही असे म्हणायचे का? खरे तर बंदोबस्त चांगला झाला! म्हणून केवळ गुन्हे मोजून पोलिसांचे काम मोजणे मला बरोबर वाटत नाही.

महाराष्ट्रात २०२१ पासून ११२ हा क्रमांक सुरू आहे. तो फिरवला, की फोनची वेळ संगणकात आपोआप नोंदली जाते. मात्र नेमकी जागा कोणती आणि घडले काय, हे सांगणाऱ्याने नीट सांगावे लागते. "लवकर या, आमच्या घराजवळ!" एवढेच सांगून फोन ठेवला, तर गाडी कोठे जाईल?

कधी कधी एकच घटना अनेक ठिकाणी लिहिली जाते. गोठ्याला आग लागते. बंब येतो, ती एक नोंद. पोलीस येतात, ती दुसरी. गोठ्यातून सुटलेला बैल रात्री कोणाच्या पिकात शिरतो आणि कोंडवाड्यात जातो, ती तिसरी. तीन नोंदी झाल्या, पण संकट एकाच शेतकऱ्यावर आले. त्याला नुकसानभरपाई मागायची असते. तेव्हा या नोंदींतली तारीख आणि वेळ पंचनाम्याशी जुळावी लागते. एका वहीत सोमवार आणि दुसरीत मंगळवार असेल, तर त्या गरिबाला कचेरीत खेटे घालावे लागतात.

आता तुम्ही वहीचे एक पान आखा. आज सकाळी सव्वासात वाजता शाळेच्या फाटकापाशी एक मोकाट बैल आला आहे, असे समजा. तोंड काळे, अंग पांढरे, डावे शिंग थोडे मोडलेले. कानात बिल्ला नाही. त्याची नोंद लिहा.

स्वाध्याय

१. 'वर्दी' या शब्दाचे दोन अर्थ सांगून प्रत्येकाचे एक वाक्य करा.
२. 'एक पांढरा बैल' ही नोंद अपुरी का आहे?
३. चार वर्द्या आल्या, एवढ्यावरून बंबाचे काम का कळत नाही?
४. दवंडी, लिलाव, बंदोबस्त, पंचनामा, गस्त : या शब्दांपैकी उर्दूतही असलेले शब्द शोधा.