शंभर पत्त्यांचा एकच विचार

नेरुळ, नवी मुंबई
रविवार रात्र

चि. सोन्या,


तुझी यादी दोनदा वाचली. शंभर पत्ते नीट मोजलेस, एकही नाव दुसऱ्यांदा आलेलं नाही. पण बेरीज तुझ्या तीन हजारांच्या कितीतरी पुढे गेली आणि शेवटी तू लिहिलंस, ‘मामा, पैसे साठेपर्यंत थांबतो.’ थांबू नकोस. तीन हजारांत खेळण्याजोगा कमांडर डेक बसतो. मला तुझ्या यादीत खटकलं ते वेगळंच. त्यात ड्रॅगन आहेत, झोंबी आहेत, देवदूत आहेत, आणि कोणालाच पुरेशी सोबत नाही. पैसे वाढवलेस तरी हा डेक असाच अडखळेल.

आधी एक लक्षात घे. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा आपला पत्त्यांचा खेळ 1993 मध्ये आला, पण त्यातला कमांडर हा प्रकार खेळ काढणाऱ्या कंपनीच्या कचेरीत जन्मला नाही. अलास्कातल्या खेळाडूंनी तो आपापसांत रचला. तेव्हा त्याचं नाव ‘एल्डर ड्रॅगन हायलँडर’. कंपनीने त्याचे तयार डेक पहिल्यांदा काढले ते 2011 मध्ये. मित्रमंडळींच्या टेबलावर वाढलेला हा खेळ आहे. तिथे बसायला महागडा डेक लागत नाही.

मग सुरुवात कुठून? कमांडरपासून, म्हणजे ज्याच्या नावाने डेक चालतो त्या एका पत्त्यापासून. तो दर डावात हाताशी असतो, म्हणून बाकीच्या 99 पत्त्यांनी त्याचंच काम करायचं. माझं ऐकशील तर ‘तात्योवा, बेन्थिक ड्रुइड’ घे. 2018 च्या डोमिनारिया संचातला हा हिरवा-निळा पत्ता आहे, आणि दुर्मिळही नाही. तुझ्या बाजूला लँड, म्हणजे बाकीचे पत्ते खेळायला लागणारी माना देणारा पत्ता, आला की एक पत्ता ओढायचा आणि एक लाइफ वाढवायची, एवढंच तिचं काम. लँड तर प्रत्येक डेकमध्ये असतातच. तिच्यामुळे तुझा सगळ्यात स्वस्त पत्ताच कामाचा होतो.

ती खेळायची कशी, तेही सांगतो. तिला पाच माना लागतात. पाचवा लँड ठेवून लगेच तिला उतरवलंस आणि कोणी तिथेच मारलं, तर हाती काही उरत नाही. एक पाळी कळ काढ. पाच लँड आधीच मांडलेले असू देत. त्या पाळीचा लँड हातात राखून आधी तात्योवा आण आणि मग ‘इव्हॉल्व्हिंग वाइल्ड्स’ ठेव. तो आला, एक पत्ता. तो त्यागून गड्डीतून साधा लँड आणलास, आणखी एक पत्ता. याला मानाही लागत नाही. आता तिला कोणी मारलं तरी दोन पत्ते तुझ्या हातात आलेले आहेत.

आकडे असे धर. लँड 38, त्यातले बहुतेक साधे फॉरेस्ट आणि आयलंड. प्रत्येक पत्त्याची एकच प्रत ठेवण्याचा नियम त्यांना नाही. माना वाढवणारे 10, त्यात ‘रॅम्पंट ग्रोथ’, ‘कल्टिव्हेट’ यांसारखे लँड थेट मांडणारे जास्त. पत्ते ओढणारे 8, समोरच्याचा एखादा पत्ता उडवणारे किंवा अडवणारे 9, सगळं टेबल साफ करणारे 2. कमांडर धरून 68 झाले. उरलेल्या 32 जागा तुझ्या आवडीच्या, पण प्रत्येक पत्त्याला एकच प्रश्न विचार: लँड आल्यावर तुझा काही उपयोग आहे का? ‘रॅम्पेजिंग बॅलॉथ्स’ दर लँडमागे 4/4 चा प्राणी देतो. तो ठेव. ड्रॅगन तुला कितीही आवडत असला, तरी तो दुसऱ्या डेकसाठी राहू दे.

खरेदीचं. वाशीच्या धान्य बाजारात पोत्यातली वानगी हातावर घेतल्याशिवाय कोणी भाव बोलत नाही. बूस्टर पाकीट म्हणजे न उघडलेलं पोतं, आत कोणते पत्ते ते आधी कळत नाही. माझ्या पहिल्या पगारातली मोठी रक्कम मी पाकिटांवर घातली. दोन डबे भरले, पण एक डेक उभा राहिला नाही. ती रक्कम आजही मनाला लागते, म्हणून तुला सांगतो: हवा तो पत्ता सुटा घे. जे पत्ते पुन्हा पुन्हा छापले गेले ते स्वस्त मिळतात. याउलट 1996 मध्ये कंपनीने काही पत्ते पुन्हा छापणार नाही असं जाहीर केलं, त्यातले गाजलेले फार महाग आहेत. किंमत बरीचशी छपाईवर ठरते, त्या पत्त्याने तुझा डाव सुधारेल की नाही यावर नाही.

आता टेबलाचं. मेंढीकोटात आपला गडी समोर बसतो. इथे समोर, डावीकडे, उजवीकडे तिघेही प्रतिस्पर्धी, आणि प्रत्येकाच्या 40 लाइफ, म्हणजे एकूण 120. घाईने हे संपत नाही. तुझ्याकडे पत्ते उडवणारे नऊच आहेत आणि धोके तिघांचे. दिसेल त्यावर ते खर्चू नकोस. ज्याने तू हरशील त्यासाठीच राख. ‘या पाळीला तुझ्यावर चाल करणार नाही’ असा शब्द दिलास तर पाळ. डाव दोन तासांत संपतो, पण पुढच्या रविवारी त्याच तिघांबरोबर बसायचं असतं. आणि साध्या लँडवर चालणारा डेक सुरुवातीला कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही, ही तुझी जमेची बाजू समज.

एक रुपयाही खर्च करण्याआधी पत्त्यांची नावं आणि मजकूर चिठ्ठ्यांवर लिही, स्लीव्हमध्ये जुन्या पत्त्यांपुढे सरकव आणि पुढच्या रविवारी ये. खारघरहून नेरुळ तिसरं स्टेशन. आपण पाच डाव खेळू. जी चिठ्ठी पाचही डावांत हातात नुसती पडून राहील तो पत्ता विकत घ्यायचा नाही. चिठ्ठ्या आहेत हे बाकीच्यांना आधीच सांगू.

‘सोल रिंग’ यादीतून खोडून टाक. तयार डेकमधून आलेला जास्तीचा एक माझ्या डब्यात आहे. तुझ्या डेकमधला पहिला खरा पत्ता माझ्याकडून.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा